आबांसाठी थंड खोली

१२ मार्च १९८९, पारोळा

सोनगीरला लग्नाला जाऊन आलो. लग्न म्हणजे धूळ, घाम आणि ढेकर. पंगतीत शेजारी रुपचंद मामा. वरणात चार बोटं बुडवून ती चाटत चाटत त्यांनी अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारलं, 'मास्तर, आबा सध्या कोनाकडे शेतस?' भाईदासकडे, म्हणालो. तर म्हणतात, 'मोठा पोऱ्या मास्तर, पक्कं घर, तरी बाप धाकलाकडेच?' सगळे हसले. हसताना मामांच्या तोंडातलं वरण माझ्या बाहीवर उडालं. किळस आली. तसाच उठलो. (बुंदी खाऊन झाली होती.)

भाईदास माझा धाकटा भाऊ. शिंदखेड्याजवळ आमच्या गावी कापूस लावतो. नववी नापास. मी हायस्कूलला सायन्स शिकवतो, बी.एस्सी. बी.एड. आणि आबा, म्हणजे आमचे वडील, राहतात त्याच्याकडे. कारण काय, तर गावच्या घराला मातीचं धाबं आहे, ते उन्हाळ्यात थंड राहतं. माझ्या घराला स्लॅब आहे, तो तापतो. म्हणजे बाप मुलाकडे राहत नाही, छपराकडे राहतो.

निश्चय: येत्या मे महिन्यात आबा माझ्याकडे येतील आणि परत जाणार नाहीत. मार्ग शास्त्रीय असेल.

१५ मार्च

विचार केला. लोक उन्हाळ्यावर कांदा, पंखा, ओलं गोणपाट असले उपाय करतात. अडाणीपणा. शेजारच्या तोतारामने (बँकेत क्लार्क) कूलर घेतलाय. त्यातल्या गवताला कुजका वास येतो, आणि तो वास नाकात भरून घेत हा माणूस 'काय गारवा आहे सर' म्हणतो. शी.

उष्णता हे विकिरण आहे. प्रकाश, उष्णता, रेडिओ लहरी, क्ष-किरण, सगळी एकाच कुळातली भावंडं. पण प्रत्येकाची वाट वेगळी. मातीच्या भिंतीतून रेडिओ आत येतो, प्रकाश येत नाही. मांसातून क्ष-किरण जातात, हाडाशी अडतात. पत्र्यातून कुणीच जात नाही. आबांना प्रकाश हवा, उष्णता नको. तेव्हा असा पदार्थ पाहिजे की ज्यातून प्रकाश जाईल आणि उष्णता अडेल.

सापडला. काच.

पुस्तकात स्पष्ट छापलंय: काच अवरक्त किरणांना अडवते. अवरक्त म्हणजेच उष्णता. हे पान मी दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेतो. इतकी सोपी गोष्ट या देशात कुणालाच सुचली नाही याची चीड येते.

१६ मार्च, सकाळ

प्रयोग केला. कुंदा मागच्या अंगणात चुलीवर अंघोळीचं पाणी तापवत होती. निखाऱ्यांसमोर गाल धरला. चटका. मध्ये फोटोची काच धरली. चटका गायब, निखारे मात्र स्वच्छ दिसतायत! सिद्ध झालं.

कुंदा म्हणाली, सासूबाईंच्या फोटोची काच कुणी काढली. एवढा शोध लागतोय आणि बायकोचं लक्ष कुठे, तर फोटोवर. आई असती तर तिनेच काढून दिली असती.

२१ मार्च

बाजारात हारुनभाईंचं काच-फ्रेमचं दुकान आहे. त्यांना योजना सांगितली: गच्चीवर एक खोली. दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या भिंतीला आतून पत्रा. छत काचेचं. दक्षिणेची बाजूही काचेची, आबांना रस्ता दिसेल. खिडकी नाही, म्हणजे बाहेरची गरम हवा शिरायला नको.

हारुनभाईंनी पान गालात सरकवलं आणि म्हणाले, 'सर, मई महिन्यात काचेखाली कोण बसनार? कबूतर पालताय काय?' मी त्यांच्या काउंटरवर आकृती काढून दाखवली. त्यांनी मान तिरपी करून ती पाहिली. मग आकृतीच्या बाजूने दुकानाबाहेर पिचकारी मारली आणि म्हणाले, 'घर तुमचं, अब्बा तुमचे. काच मी देतो.' विज्ञानाचा प्रसार अशा लोकांमध्ये करायचा आहे!

९ एप्रिल

काम चालू. धूळ, सिमेंट, गवंड्यांच्या बिड्या. त्यांनी थोटकं आमच्या तुळशीत टाकली. तोताराम रोज संध्याकाळी बनियनवर येऊन उभा राहतो आणि पोट खाजवत विचारतो, 'सर, मंगलकार्यालय का?' मी गवंड्यांची मापं तपासायला वर जातो.

आबांना पत्र टाकलं. लिहिलं, थंड खोली बांधली आहे, पूर्णपणे शास्त्रीय, आता नाही म्हणायला जागा नाही.

१८ एप्रिल, सकाळी सहा

खोली तयार. आत जाऊन बसलो. थंडगार! आकाश दिसतंय, कावळे दिसतायत, घाम नाही. डोळ्यांत पाणी आलं. कुंदाला वर बोलावलं. ती म्हणाली, आत्ता तर अंगणातही गारच आहे. या बाईला कौतुक नावाची गोष्टच ठाऊक नाही.

१८ एप्रिल, दुपार

शाळेच्या लॅबमधला हवेचा थर्मामीटर (पन्नास अंशांपर्यंतचा) आणून खोलीत लावला होता. बिघडलेला निघाला. बाहेर बेचाळीस दाखवतो आणि आत पारा वर चढून नळीच्या टोकाला टेकतो. सरकारी सामान. आत उभं राहवेना म्हणून बाहेर आलो. थर्मामीटर खराब असला की माणसालाही उगाच उकडल्यासारखं होतं.

२३ एप्रिल

कुंदाने न विचारता खोलीत बिबडे वाळत घातले. ज्वारीचे पापडच ते, लसूण-तीळ लावून. म्हणे गच्चीवर धूळ बसते, कावळे चोच मारतात, इथे अर्ध्या दिवसात खडखडीत वाळतात. गल्लीतल्या झुंबरबाईही ताट घेऊन आल्या, त्यांच्या मागे आणखी दोघी. माझ्या प्रयोगशाळेत बायका पदर खोचून पीठ थापतायत! शास्त्राची इतकी विटंबना मी कधी पाहिली नव्हती.

खोलीला लसणाचा वास लागलाय. काचेतून प्रकाश जातो, उष्णता जात नाही, लसूण तर मुळीच जात नाही.

ता.क. बिबडे चांगले झालेत. तळून चार खाल्ले.

५ मे

आबा आले! धोतर, काठी, छातीशी ट्रान्झिस्टर. भाईदास सोडायला आला होता. त्याने खोली खालून वर, वरून खाली पाहिली आणि काही बोलला नाही. अडाणी माणूस शास्त्रापुढे असाच गप्प होतो. लगेच परतीची एसटी पकडून गेला.

जेवण झाल्यावर आबांना वर नेलं. वेळ भर दुपारची मुद्दाम निवडली, म्हणजे फरक जाणवावा. खाटेवर बसवलं, दार घट्ट लावलं, खाली आलो. आबांच्या विश्रांतीत व्यत्यय नको.

थोड्या वेळाने काठीचे ठोके ऐकू आले. वर गेलो. आबांचा सदरा पिळून घ्यावा इतका ओला. म्हणाले, 'अभिमन, हाई खोली शे का भट्टी? मना जीव घाबरस.' मी समजावलं की सवय नसल्यामुळे असं वाटतं. तर ट्रान्झिस्टर दाखवून म्हणाले, 'आनि हाई बी मरी गया.' त्यातून फक्त खरखर येत होती. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागत नव्हता. हे तर अपेक्षितच होतं. भिंतींना पत्रा आहे, त्यातून रेडिओ लहरी येणार कुठून? माझा सिद्धान्त किती तंतोतंत उतरला हे मी त्यांना सांगत होतो, तेवढ्यात ते जिना उतरून गेले.

६ मे

आबा तोतारामच्या ओट्यावर कूलरसमोर झोपलेले सापडले. त्या कुजक्या गवताच्या वासात! तोंड उघडं, घोरणं चालू. तोताराम मला बघून हसला. त्याच्या दातांत पालकाची भाजी होती. माझे वडील, आणि त्या भाजीवाल्या तोंडाच्या घरी. 

कुंदा म्हणते, काचेला वरून चुना फासा, तरच काही होईल. काचेला चुना! मग काच कशाला लावली?

८ मे

आबा गेले. म्हणाले, 'तू मनावर घेऊ नको रे भाऊ. तुन्ही खोली चांगली शे. पन माले वाळाडानं नही ना.' म्हणजे त्यांना बिबड्यासारखं वाळवू नका. पारोळ्याच्या स्टँडवर त्यांना बसमध्ये बसवलं. मागच्या सीटवर कुणी उलटी केली होती आणि त्यावर माती टाकली होती. त्या वासात ते खिडकीशी बसून माझ्याकडे हात हलवत राहिले. बस दिसेनाशी होईपर्यंत मी तोंडावरचा रुमाल काढला नाही. घाण वासामुळे.

१४ मे

काचेची तपासणी करायला वर चढलो होतो. सोबत गोणपाट होतं ते योगायोगाने. कुणी बघू नये म्हणून भर दुपारी गेलो, कारण लोकांना चौकशीची फार खोड. काच तापली होती, हात भाजला, पाय सटकला. मनगटावर पडलो.

धुळ्याला एक्स-रे काढायला गेलो. दवाखान्याच्या बाकावर कुणीतरी चघळलेलं च्युइंगम लावून ठेवलं होतं, ते पँटला चिकटलं. एक्स-रेवाल्याला मी क्ष-किरण मांसातून का जातात आणि हाडात का अडतात ते समजावत होतो. तो दोनदा म्हणाला, सर हात हलवू नका. समजावताना हात हलणारच. पहिली फिल्म धूसर आली, दुसरी काढावी लागली. हाडाला बारीक चीर. फिल्म उजेडात धरून पाहिली. मांस नाही, कातडी नाही, नुसती हाडं स्वच्छ. निदान हे किरण तरी पुस्तकाप्रमाणे वागतात.

प्लास्टर. आत खाज सुटलीय. या उकाड्यात प्लास्टरच्या आत काय काय होत असेल याचा विचारही करवत नाही.

२७ जून

धुळ्याला प्लास्टर काढायला गेलो. मनगट पांढुरकं, सालं निघालेलं, वास येणारं. माझंच आहे यावर विश्वास बसेना. वेळ होता म्हणून कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. जाड इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात लिहिलंय की उन्हातली ऊर्जा बहुतेक प्रकाश आणि आखूड लहरींच्या रूपाने येते, ती काचेतून आरामात आत जाते. आत फरशी, खाट, माणूस वगैरे तिने तापतात आणि लांब लहरींची उष्णता बाहेर टाकतात. त्या लांब लहरींना काच बाहेर जाऊ देत नाही. निखाऱ्याच्याही लहरी लांबच, म्हणून त्या दिवशी चटका अडला. सूर्याच्या नाही अडत.

म्हणजे ऊन आत येतं आणि आतच राहतं.

शालेय पुस्तकात हे सगळं एका वाक्यात उरकलंय. असली अर्धवट पुस्तकं लिहिणाऱ्यांचा मनापासून तिटकारा आला. माझं चुकलं काहीच नाही. माहिती उशिरा आली.

२८ जून

रात्रभर विचार केला. खोली मुळात हिवाळ्यासाठीच होती. मागची पानं वाचली तर हे लक्षात येईल. मागची पानं वाचण्याची गरज नाही.

१० ऑगस्ट

खोली गळते. हारुनभाई म्हणाले, लांबी, म्हणजे काचेच्या फटीत भरायची पुटी, कमी पडली, पुन्हा भरून देतो. आत बुरशी. खाटेच्या दोरीवर हिरवट केस उगवलेत. कुणाला सांगणार.

३ डिसेंबर

फार मोठी गोष्ट घडली!

डोळ्यांच्या कॅम्पसाठी आबा पारोळ्याला आले. काल भाईदास सोडून गेला. सकाळी कडाक्याची थंडी. वाऱ्याने कान गळून पडतील अशी. आबा ऊन खायला गच्चीवर गेले. वारा सोसेना म्हणून काचेच्या खोलीत शिरले. मी दूध घेऊन वर गेलो तर आबा खाटेवर उताणे, पाय पसरलेले, अंगावर पांघरूण नाही, चेहऱ्यावर ऊन. म्हणाले, 'अभिमन, माले आठे बरं वाटस. गुडघा बी मोकया व्हई गया.'

मी जिन्यात जाऊन बसलो. आबांचं दूध हातातच राहिलं होतं, ते मीच पिऊन टाकलं.

९ डिसेंबर

डोळे तपासून झाले, पण आबा जायचं नाव काढत नाहीत! दिवसभर वर. ट्रान्झिस्टर दाराबाहेर खिळ्याला टांगलाय, तिथे तो व्यवस्थित वाजतो. गल्लीतले म्हातारे येऊन बसतात. त्यातला एक खोकतो आणि माझ्या काचेवर शिंतोडे उडतात. मी स्वतः पुसतो. पुसताना काही वाटत नाही. थोडंसंच वाटतं.

रुपचंद मामांना पोस्टकार्ड टाकलं. एकच ओळ: आबा माझ्याकडे आहेत.

२४ डिसेंबर

आबांनी गावाहून गोधडी आणि पानाचा डबा मागवला. म्हणजे मुक्काम कायमचा. तोताराम आज कूलरवर जुनी चादर गुंडाळत होता. मी वरून 'काय गारवा आहे हो' म्हणालो. त्याने मान वर केली नाही.

कुंदा आबांसाठी वर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर नेते. आबा तिला म्हणाले, सून बरी मिळाली. मला म्हणाले, 'तू लहानपने बी असाच व्हता. चुकीसनी बराबर करे.' म्हणजे चुकून बरोबर करायचास. प्रेमाने म्हणाले. शास्त्रातल्या संज्ञा त्यांना माहीत नाहीत.

७ जानेवारी १९९०

गोधडी घेऊन भाईदास आला. दिवसभर खोलीत बसून राहिला. काच ठोकून बघितली, भिंतीला हात लावला. संध्याकाळी माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, 'भाऊ, हाई खोली कशी बनाडी तुम्ही? माले बी समजाडा ना.'

नववी नापास माणूस, स्वतःहून! सायन्स शिकवताना आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला पुढचा प्रश्न विचारला. बोर्डाच्या परीक्षेत माझी मुलं 'किरण म्हणजे मामाचा मुलगा' लिहून येतात, आणि हा माणूस विचारतो की काच कुठल्या बाजूला धरायची, सूर्य हिवाळ्यात किती खाली असतो. आखूड लहरी, लांब लहरी, सगळं सांगितलं. आकृती काढली. मापं लिहून दिली. तो म्हणाला, पत्रा नको, मातीच्या भिंती आहेतच, नुसती ओसरीची एक बाजू काचेची करू. अर्धवट नक्कल. पण चालेल, नवखा आहे.

त्याला घेऊन हारुनभाईंकडेही गेलो. काच मीच निवडून दिली.

रात्री कुंदा अंथरूण घालत होती. म्हणाली, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय करून बसलात ते? मी म्हणालो, ज्ञान दिल्याने वाढतं. तिने दिवा मालवला.

१४ जानेवारी

संक्रांत. आबा तिळगूळ वाटायला गावी गेले. दोन दिवसांत येतो म्हणाले. गोधडी सोबत नेली. थंडी आहे, म्हणून असेल.

२२ जानेवारी

आबा आले नाहीत. गावातल्या लग्नांमुळे एसटीला गर्दी असेल. खोलीतली खाट उन्हात सरकवून ठेवली. काचा पुसल्या.

झुंबरबाई विचारत होत्या, खोली रिकामी असेल तर मिरच्या वाळत घालू का. नाही म्हणालो.

२८ जानेवारी, शिंदखेड्याचा स्टँड, संध्याकाळ

बस लेट आहे. स्टँडवर मुतारीचा वास, बाकावर सांडलेला चहा, त्यावर माशा. तरी बसून लिहितो.

सकाळी आबांना आणायला गावी गेलो. ओसरीला काच लागलीय. आत आबा खाटेवर, गोधडीवर बसलेले, हातात ट्रान्झिस्टर. आजूबाजूला अर्धं गाव. भाईदास लोकांना सांगत होता, ऊन आत येस पन बाहेर जात नही. अगदी बरोबर सांगत होता. मला बघून सगळ्यांना म्हणाला, हा माझा भाऊ, बठ्ठी, म्हणजे सगळी, करामत याची. लोकांनी मला जागा करून दिली. कुणीतरी चहा आणला. साय आलेली होती. प्यायलो.

आबांना म्हणालो, चला. त्यांनी माझा हात धरून जवळ बसवलं आणि म्हणाले, 'आते हिवायामां आठेच ऊब शे. उन्हायामां धाबं शे. माले कोठेच जावानं काम नही. तूच येत जाय ना भाऊ. मे महिनामां कुंदाले लईसन आठे झोपाले ये. तुनं घर भलतं तपस.'

वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. एसटीत त्यांना उलटीचा वास नको म्हणून खिशात दोन लवंगा आणल्या होत्या. त्या भाईदासच्या बायकोला देऊन आलो, चहात टाक म्हणालो.

रुपचंद मामा आता विचारणारच. उत्तर तयार आहे. आबा शेवटी माझ्याच खोलीत राहायला आले. खोली भाईदासच्या घरी आहे, एवढंच.